आफ्रिकेचा नकाशा आणि आमची मेंढरे

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण आहे ते परभणीच्या शाळेतल्या आमच्या जुगराफियाच्या मास्तरांचे. जुगराफिया म्हणजे भूगोल. निजामाच्या राज्यात सगळे शिक्षण उर्दूतून चालायचे आणि आम्ही मराठी मुलेसुद्धा विषयांची नावे उर्दूतच घ्यायचो. मास्तरांचे नाव मात्र मी इथे लिहिणार नाही. त्यांनाच ते नाव आपले वाटत नसे. "हे नाव आमच्या आजोबांना बाजारात मिळालं," असे ते म्हणत. आजोबांना त्यांच्या आईने कोणत्या नावाने हाक मारली होती, ते कोणालाच ठाऊक राहिले नव्हते.

आजोबा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे. लहान असताना कोणीतरी त्यांना पळवले, अरबांच्या गलबतात घातले, आणि हात बदलत बदलत ते हैदराबादेत पोहोचले. तिथे सरकारी घोडदळात वाढले, तिथेच त्यांचे लग्न झाले. नातवाने शिकून मास्तरकी धरली आणि बदली होऊन तो परभणीला आला. उंच, काळेभोर, कुरळे केस कानांपाशी पांढरे झालेले, अंगात कायम इस्त्रीची शेरवानी. मुले पाठीमागे त्यांना हबशी मास्तर म्हणत. त्यांना ते माहीत होते. हजेरी घेताना कधीकधी ते स्वतःच म्हणत, "हबशी मास्तर आया है, बैठो."

मी ताडकळसच्या बाजूच्या एका खेड्यातला, धनगराचा मुलगा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पाटीला हात लावलेला नव्हता. परभणीत मी नात्यातल्या एकाच्या ओसरीवर राहायचो. शुक्रवारी शाळेला सुट्टी असायची, म्हणून गुरुवारी दुपारची गाडी धरून पिंगळीला उतरायचो आणि तिथून आमचा वाडा ज्या शिवारात असेल तिकडे चालत जायचो. धनगरांचा वाडा म्हणजे घर नव्हे. ज्याच्या शेतात खतासाठी मेंढरे बसवायची, त्याच्या शेतातला मुक्काम. बाने शाळेला हरकत घेतली नव्हती, पण हद्द घालून दिली होती. "मॅट्रिक कर. मग मेंढरं हायतच," असे तो म्हणायचा. त्यात राग नव्हता. त्याचे वय होत आले होते, थोरला भाऊ वेगळा निघाला होता, आणि मागे चालायला माणूस हवे होते.

पुढे शिकायची एकच वाट होती. दर वर्षी आमच्या शाळेतून एका मुलाचे नाव हैदराबादला जायचे. तिथे तोंडी परीक्षा व्हायची. पास झाला तर कॉलेज, वसतिगृह आणि वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती. नाव पाठवायचे ते इतिहास-भूगोलाच्या शिक्षकाने. म्हणजे आमच्या मास्तरांनी. मला ते नाव माझे हवे होते. दुसरे काहीही मला त्या वर्षी नको होते.

ज्या धड्यामुळे ते नाव माझ्या हातून जवळजवळ गेले, तो आफ्रिकेचा धडा. पुस्तकात गुलामांच्या व्यापाराबद्दल चारच ओळी होत्या. आफ्रिकेतले सरदार आपल्याच माणसांना विकत असत, गोरे व्यापारी त्यांना अमेरिकेला नेत, पुढे इंग्रजांना दया आली आणि त्यांनी हा व्यापार बंद केला. मास्तरांनी त्या ओळी वाचायला लावल्या, मग पुस्तक मिटायला सांगितले आणि फळ्यावर एका झटक्यात आफ्रिकेचा नकाशा काढला. इतका सफाईदार नकाशा मी नंतर विद्यापीठातही कोणाच्या हातून पाहिला नाही.

पश्चिमेच्या किनाऱ्यावर बोट ठेवून त्यांनी सांगितले ते असे. पोर्तुगालची जहाजे या किनाऱ्याला आधी सोन्यासाठी आली. तेव्हा इथे राज्ये होती, बाजार होते, लोखंड गाळणारे होते, कापड विणणारे होते. मग गोऱ्यांनी समुद्रातल्या बेटांवर आणि पुढे अमेरिकेत उसाचे मळे घातले. अमेरिकेतले मूळचे लोक रोगराईने आणि राबवून घेतल्याने मेले. ऊस तोडायला, गाळायला हात हवे झाले. ते हात या किनाऱ्यावरून न्यायचे ठरले. जहाजे युरोपातून बंदुका, दारू, पितळेच्या कांबी आणि कापड भरून यायची, इथे माल उतरवून माणसे भरायची, ती अमेरिकेत विकून साखर भरून परत जायची. "और कपडा किधर का?" त्यांनी विचारले. उत्तरही त्यांनीच दिले. "बहुत सारा आपल्याच मुलखातलं. मच्छलीपट्टणच्या बाजूचं, गुजरातचं." खिडकीबाहेर जिनिंगला निघालेल्या कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. आमच्यापैकी निम्म्यांचे बाप कापूस पिकवत होते.

आपल्या आजोबांचा विषय त्यांनी मुद्दाम वेगळा ठेवला. तो समुद्र वेगळा, ते व्यापारी वेगळे, सगळे एका पोत्यात भरू नका, असे त्यांनी बजावले. मग त्यांनी प्रश्न टाकला. ज्या गावातून वर्षानुवर्षे तरणीताठी माणसे नेली, त्या गावाचे काय झाले असेल?

हे मला माहीत होते. माझ्याइतके ते त्या वर्गात कोणालाच माहीत नव्हते, याचा मला अभिमान वाटला आणि मी उभा राहिलो. म्हणालो, मास्तर, मेंढरांचं होतं तसं झालं असेल. बाजारातला व्यापारी आला की त्याला तरण्या मेंढ्याच पाहिजे असतात. आमच्यात त्या कधी देत नाहीत. खच्ची केलेले देतात, म्हातारी देतात. तरणी दिली तर त्या वर्षी काहीच कळत नाही, कळप तेवढाच दिसतो. तीन-चार वर्षांनी कळतं. कोकरं नसतात. मग मेंढरं राहूनही कळप संपलेला असतो.

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "हबशी म्हंजे मेंढरं व्हय रे," आणि सगळा वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी नकाशा पुसला, रुमालाने हात पुसले आणि तास संपायच्या आधी ते बाहेर गेले.

मला कळेना. आमच्यात मेंढरू म्हणजे लक्ष्मी. नव्या कोकराच्या पाया पडतात. आजारी मेंढी माणसाच्या घोंगडीत घेतात. मी त्यांच्या माणसांना मला ठाऊक असलेल्या सर्वांत मोलाच्या गोष्टीची उपमा दिली होती. त्यांच्या कानांवर मात्र ती जनावर म्हणूनच पडली, आणि ज्यांच्या आजोबांना खरोखरच जनावरासारखे विकले होते त्यांच्या कानांवर ती दुसरी कशी पडणार? त्या उपमेची मला तेव्हा लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. पण नाव गेले, एवढे मी धरून चाललो. शाळेच्या सदर मुदर्रिसांना, म्हणजे मुख्याध्यापकांना, एका मुख्तारांचा, म्हणजे कोर्टातल्या वकिलांचा, मुलगा पाठवायचा होताच. त्याचे उर्दू स्वच्छ होते. "धनगराचं पोर हैदराबादेत जाऊन काय करणार," असे ते शिक्षकांच्या खोलीत म्हणाल्याचे माझ्या कानांवर आले होते, "चारमिनारखाली मेंढरं बसवणार?"

मी वाड्यावर गेलो आणि बाला सगळे सांगितले. तो घोंगडीची दशी वळत होता. म्हणाला, "गुरजीला इकडं घिऊन ये. बघू दे की मेंढरू म्हंजे काय अस्तंय."

मी जाऊन हे सांगायचे धाडस केले ते केवळ बाची आज्ञा म्हणून. मास्तरांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "जुम्मे को आता हूँ. नमाज के बाद."

आणि ते खरेच आले. पिंगळीच्या स्टेशनावर मी त्यांना घ्यायला गेलो होतो. शेरवानीवर धूळ बसू नये म्हणून त्यांनी ती काढून खांद्यावर टाकली आणि ढेकळांतून माझ्याबरोबर चालले. वाड्यावर पोहोचलो तेव्हा ऊन उतरले होते. मायने त्यांना घोंगडी अंथरली, ताक दिले. बा त्यांना म्हणाला, बसा, मेंढरं आता येतीलच.

आमच्याकडे संध्याकाळी मेंढरे वाघरीत घालतात. वाघर म्हणजे काठ्यांना बांधून केलेले जाळीचे कुंपण. तिच्या तोंडाशी बा दोन पाय फाकून उभा राहायचा आणि मेंढरे त्याच्या अंगाला घासून आत जायची. तो कोणाच्या पाठीवर हात ठेवायचा, कोणाचा कान धरायचा, तोंडाने पुटपुटायचा. सगळी आत गेली तसा तो माझ्या चुलतभावाला म्हणाला, "मोरीची धाकली आली न्हाई. ओढ्याच्या अंगाला बघ." पोरगा पळाला आणि ती घेऊन आला.

मास्तर उठून उभे राहिले होते. त्यांनी विचारले, किती आहेत?

"म्या मोजली न्हाईत, गुरजी."

"मोजली नाहीत? मग एक कमी आहे कैसा मालूम पडा?"

बाला प्रश्नच समजला नाही असे वाटले. मग तो म्हणाला, "घरात जेवायला बसल्यावर तुमी लेकरं मोजून बसवताव का? कोण न्हाई त्ये दिसतंय की."

आमच्यात जित्या जनावराला आकड्यात धरत नाहीत. कोणी पाहुण्याने बोट दाखवून मोजायला सुरुवात केली तर माय त्याचा हात खाली करायची. नजर लागते म्हणतात. पण नजरेचे राहू द्या. मुळात गरजच पडत नाही. प्रत्येक मेंढी तोंडाने ओळखायची आणि आईवरून सांगायची. ही कारीची थोरली, ही बांडीच्या लेकीची लेक.

मास्तर घोंगडीवर परत बसले. ताकाचा गडू हातात तसाच. मग त्यांनी बाला जे सांगितले ते त्यांनी आम्हांला वर्गातही सांगितले नव्हते. पश्चिमेच्या किनाऱ्यावर पकडून आणलेली माणसे मोजायची व्यापाऱ्यांची एक रीत होती. धडधाकट जवान म्हणजे एक नग. म्हातारा, आजारी, लहान पोर म्हणजे अर्धा नग किंवा त्याच्या आसपास. हिशोबात माणसे नसत, नग असत.

बाने जाळीकडे पाहिले. "अर्धं माणूस?" तो म्हणाला. "आमच्यात अर्धं कोकरू बी नस्तंय."

मास्तरांनी डोळ्यांना रुमाल लावला. मी त्यांच्याकडे बघायचे टाळले.

मग बोलणे सोपे झाले. बाने त्यांना विचारले, पोरगं मेंढरू म्हणालं म्हणून राग आला का? आमच्यात तर लाडाच्या लेकराला कोकरू म्हणत्यात. मास्तर म्हणाले, आला होता, आता नाही. पण त्यांनी मला समोर बसवले आणि एक गोष्ट पक्की केली. मेंढरे नेली तर मेंढरे भांडत नाहीत. ती माणसे भांडली. किनाऱ्यावर भांडली, जहाजांत बंड करून भांडली, काहींनी समुद्रात उड्या घेतल्या. एका राजाने तर पोर्तुगालच्या राजाला पत्रे लिहून कळवले होते की तुमचे व्यापारी माझी प्रजा चोरून नेतात, हे थांबवा. आणि दुसरी बाजूही झाकायची नाही. विकणारे त्यांच्यातलेच होते. ज्या सरदाराला बंदूक मिळाली तो शेजाऱ्यावर चालून गेला. शेजाऱ्याला जगायचे तर बंदूक हवी, बंदुकीला माणसे द्यावी लागत, म्हणून तो त्याच्या पलीकडच्यावर गेला. पिढ्यान्पिढ्या असे चालल्यावर लोक सुपीक जमिनी सोडून डोंगरात, दलदलीत राहायला गेले. विणकरांचे माग बंद पडले, कारण जहाजातून कापड येतच होते. आणि अशा पोखरलेल्या मुलखात शेवटी युरोपचे सैन्य शिरले आणि म्हणाले, बघा, हे लोक मुळातच मागासलेले.

बोलता बोलता त्यांचा हात आमच्या म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातल्या कवड्यांच्या पट्ट्यावर गेला. त्यांनी सांगितले की आपल्या समुद्रातल्या बेटांवरच्या अशाच कवड्या जहाजे भरभरून तिकडे जायच्या. तिकडे त्या नाण्यासारख्या चालायच्या, आणि त्यांच्या ढिगावर माणसे विकत घेतली जायची. माय दचकली. बाने विचारले, "मग ह्यो पट्टा सोडू का?"

"नक्को," मास्तर म्हणाले. "कवडीनं काय केलं?"

परतीच्या गाडीला मी त्यांना सोडायला गेलो. स्टेशनावर त्यांनी विचारले, तुझे नाव पाठवले तर बाप सोडेल का? मी म्हणालो, तुम्हीच विचारा. त्यांनी ते आधीच विचारले होते, आता फक्त माझे मन बघत होते. मी मागे मेंढ्यांना पाणी दाखवत असताना बाने त्यांना एवढेच म्हटले होते, "जाईपातुर तुमच्या हाताखाली ऱ्हाईल का? मग जाऊ द्या. मेंढरं म्या बघून घेतो."

पुढच्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत मोठा वाद झाला. सदर मुदर्रिसांचे म्हणणे खोटे नव्हते. माझ्या उर्दूत दख्खनीचे खडे होते, आणि परीक्षक हैदराबादचे. मास्तर म्हणाले, खडे मी काढतो, पण नाव हेच जाईल, नाहीतर माझी सही नाही. सही त्यांचीच लागत होती. त्यानंतर मॅट्रिकपर्यंत रोज शाळा सुटल्यावर त्यांनी मला आपल्या घरी बसवले. एका खोलीचे घर, भिंतीला जगाचा नकाशा, आणि त्यांच्या बीवीच्या हातचे जेवण. मुख्तारांच्या मुलाने माझ्याशी बोलणे सोडले नाही, उलट मी निघताना आपली टोपी मला दिली. हैदराबादेत उघड्या डोक्याने जाऊ नकोस, म्हणाला.

मी हैदराबादला गेलो. पुढे तिथेच इतिहास घेऊन पदवीधर झालो, आमच्या घराण्यातला पहिला. पण त्याच्या आधी ती तोंडी परीक्षा होती. तिचा निकाल लागल्यावर मी मास्तरांना पत्र पाठवले. ते उर्दूत होते. त्याचा कच्चा खर्डा माझ्याजवळ राहिला, तो मराठीत देतो.

आदरणीय मास्तरसाहेब, आदाब.

आपल्या आशीर्वादाने जागा मिळाली. वसतिगृहाची खोली आज दाखवली. निकाल सांगून झाला, आता परीक्षा सांगतो, कारण आपण तीच आधी विचाराल.

परीक्षक तिघे होते. आधी हिंदुस्थानचा नकाशा, पावसाचे वारे, मोगलांची महसूल पद्धत झाली. तिथे मी बरा होतो, फार चांगला नव्हतो. मग मधल्या वृद्ध गृहस्थांनी विचारले, आवडीचा विषय कोणता? मी म्हणालो, आफ्रिका. ते एकमेकांकडे बघून हसले. हिंदुस्थानातल्या मुलाला आफ्रिकेचे काय, असे एकाने विचारले. मी आपल्या समुद्रातल्या कवड्यांचे आणि मच्छलीपट्टणच्या कापडाचे सांगितले. हसणे थांबले. म्हणाले, बोला.

मी आपण शिकवले त्या क्रमाने बोललो. सोने, मग ऊस, मग माणसे, मग बंदुका. तेव्हा डाव्या बाजूच्या परीक्षकांनी विचारले, एकूण किती माणसे नेली? मी म्हणालो, पुस्तकागणिक आकडा वेगळा आहे. जो आहे तो व्यापाऱ्यांच्या दफ्तरांतून निघालेला आहे आणि त्या दफ्तरांत कित्येक माणसे अर्धी धरलेली आहेत. किनाऱ्यापर्यंत चालताना जे मेले आणि घरे पेटवताना जे मेले, ते कोणत्याही दफ्तरात नाहीत. ते म्हणाले, मग नुकसान मोजायचे कसे? माझ्या तोंडून निघून गेले की मोजायचेच नाही, संध्याकाळी गावाच्या वेशीत उभे राहून कोण आले नाही ते पाहायचे. कोणाची आई, कोणाचा विणकर, कोणाचा लोहार. आणि जे आले नाहीत त्यांना जी मुले झाली असती, ती पुढे शंभर वर्षे त्या शेतांत नसणार, तेही पाहायचे.

ते म्हणाले, ही तर गडरियाची गोष्ट झाली. मी म्हणालो, जी हाँ, मी गडरियाच आहे, माझे वडील आत्ता ताडकळसच्या शिवारात मेंढरांमागे आहेत. मास्तरसाहेब, हे सांगताना माझा आवाज चढला. आवाज चढवू नये असे आपण शिकवले होते, पण तो चढला आणि मला बरे वाटले.

शेवटी वृद्ध गृहस्थांनी दोष कोणाचा, असे विचारले. मी विकणाऱ्यांना सोडले नाही. पण म्हणालो, ज्याने जहाज बांधले, मळा घातला आणि दर वर्षी जास्त माणसे मागितली, तो नसता तर विकणाऱ्याला गिऱ्हाईक नव्हते. त्यांनी विचारले, हे तुम्हांला कोणी शिकवले? मी आपले नाव सांगितले, आणि आपल्या आजोबांचेही सांगितले. परवानगी घेतली नव्हती. ते वृद्ध गृहस्थ म्हणाले, त्यांना आमचा सलाम कळवा. तो या पत्राने कळवत आहे.

इतिहास घ्यायचे ठरवले आहे. इथल्या ग्रंथालयात आफ्रिकेवरची पुस्तके फार थोडी आहेत आणि जी आहेत ती आपल्या शाळेच्या पुस्तकासारखीच लिहिलेली आहेत. आधी कोणती वाचावीत ते कळवावे. आणि एक विनंती. बाला पत्र पाठवले तर ते वाचायला त्याला कोणाच्या तरी दारात जावे लागेल, आणि ते त्याला आवडत नाही. येत्या शुक्रवारी आपल्याला वेळ असेल तर आपणच जाऊन त्याला सांगावे. वाडा सध्या ओढ्याच्या पलीकडे आहे. पिंगळीला उतरून कोणालाही विचारले तरी दाखवतील.

आपला विद्यार्थी